सांगलीच्या गावभागातला दोन चौकी वाडा : कशाकशाला वापरला आणि शेवटी गेला कसा

गावभागची_नात :
परवा शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी आमच्या वाड्याच्या रिकाम्या जागेचा फोटो टाकला. 'पे अँड पार्क'ची पाटी, आत चार बोलेरो आणि एक टेम्पो, खाली लिहिलंय 'बिल्डरनं खाल्ला'. त्यावर रडक्या चेहऱ्यांचा पाऊस. आता बिल्डर काय माझा मामा लागत नाही, पण सगळं त्याच्या नावावर घालून मोकळं व्हायचं हे काही पटेना. म्हणून इथं सविस्तर टाकतेय, ज्यांना वाडा माहितेय त्यांनी भर घाला. आडनाव, पत्ता नको, ओळखणारे ओळखतीलच.

तर थोडक्यात इतिहास. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली, त्यानंतर गणेशदुर्गाच्या (इथला किल्ला) आसपास आणि नदीकडच्या अंगाला संस्थानच्या माणसांची घरं उठली. आमचे मूळ पुरुष फडावर (संस्थानच्या कचेरीत) कारकून, म्हणजे सरदार वगैरे कुणी नाहीत, तरी दोन चौकी वाडा बांधला, कारकुनी तेव्हा बरी चालत असावी :) रस्त्याला दिंडी दरवाजा, आत देवडी, मग पुढचा चौक आणि त्याला चारी बाजूंनी सोपा (खांबांवरची ओसरी), पलीकडे माजघर, देवघर, मग मागचा चौक, तिथं आड आणि तुळस, त्यामागं न्हाणी आणि गोठा. वर माडी. खालच्या भिंती इतक्या रुंद की खिडकीत मांडी घालून आम्ही पोरं अभ्यास करायचो.

नुसतं राहायला म्हणून तो वाडा फार तर पहिली पन्नास-साठ वर्षं वापरला गेला असेल. आजी सांगायची तिच्या सासूच्या काळात पुढच्या सोप्यात वार लावून जेवणारे विद्यार्थी झोपायचे, सोमवारी आमच्याकडे जेवण, मंगळवारी शेजारी, असं करत शिकायचे. नंतर तिथंच नाटकाच्या तालमी. (विष्णुदास भाव्यांचं सीता स्वयंवर १८४३ चं, त्याची तालीम आमच्या वाड्यात झाली असं आमचे एक काका छातीठोकपणे सांगायचे. गावभागातला दर तिसरा वाडा हेच सांगतो, त्यामुळं ते सोडून द्या.) ४८ साली गांधीजींच्या खुनानंतर जाळपोळ झाली तेव्हा आसपासच्या खेड्यांतनं घरदार सोडून आलेली तीन बिऱ्हाडं माडीवर राहिली, त्यातलं एक परत गेलंच नाही, तेच आमचे पहिले भाडेकरू. मग ओळीनं हळदीचा अडत्या, बालवाडी, टायपिंगचा क्लास, खानावळ, सायकलचं दुकान, झेरॉक्स, एक पतसंस्था. शेवटी शेवटी मांडववाल्याचं सामान. त्यानंतर काही नाही.

पाडला २०२२ च्या उन्हाळ्यात. मी गेले नव्हते बघायला.

टिळकचौक :
ताई मी गेलतो. जेसीबी एका दिवसात काम उरकंल म्हणून आणलेला, पण पुढच्या उरल्यासुरल्या भिंती पाडल्या तरी माडी हलंना. ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला कशावर उभीय म्हणून. शेवटी मिस्त्री बोलवून वरनं एकेक कडी काढत आले. आणि फोटोखालची कॉमेंट आमच्याच चौकातल्या एकाची आहे, तो स्वतः त्या पार्किंगात महिना पास काढून गाडी लावतो. असूद्या.

टायपिंगच्या क्लासला मी होतो. माडीवर वीस-बावीस मशिनी, सगळ्या एकदम चालू झाल्या की खाली खानावळीतल्या ताटल्या थरथरायच्या. ए एस डी एफ जी एफ. मावशी खालनं ओरडायच्या 'अरे आमटी सांडली'.

अडत्या_हळदवाला :
आमच्या वडिलांचं दुकान होतं तिथं, पुढच्या चौकाच्या डाव्या अंगाचे तीन खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण). थोडी माहिती देतो.

लोकांना वाटतं सगळी हळद वाड्यात भरलेली असायची. तसं नाही. मोठा माल शेजारच्या हरिपूर गावी पेवात. जमिनीत खड्डे, तोंड लहान पोट मोठं, तिथली मातीच अशी की हळद वर्षानुवर्षं तिला कीड नाही. वाड्यात फक्त नमुने, वजनकाटा, चोपड्या, आणि चालू सौद्याची पोती. हळकुंड वेगळं गड्डा वेगळा, नमुना हातात घेऊन मोडून दाखवायचा, आतला रंग बघून भाव. सकाळी शेतकरी देवडीत बसलेले, बैलगाड्या पार मारुती चौकापर्यंत. मार्केट यार्डात गाळे झाले तसं आम्ही हललो.

पण जाताना आम्ही एक गोष्ट केलेली ती सांगतोच. पोती आत न्यायला त्रास व्हायचा म्हणून वडिलांनी मालकांना विचारून दोन खांबांमधली जाळीची भिंत काढली आणि एक हस्त (खांबावरचा, तुळई पेलणारा लाकडी तुकडा) तासून घेतला, हातगाडी लागायची त्याला. मालकांनी परवानगी दिली, भाडं पाच रुपये वाढवून. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

आणि २००५ च्या पुरात हरिपूरची बरीच पेवं गेली, पाणी शिरलं ते शिरलंच. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तोवर ती पेवं फारशी उरली नव्हती. वाड्याचं दुःख आहेच, पण पेवाचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही राव.

कृष्णामाई :
मूळ कारण अलमट्टी!!! कर्नाटकातलं कृष्णेवरचं ते धरण ५१९.६० मीटरपर्यंत भरतात म्हणून पाणी मागं फुगून इथवर येतं आणि आता ५२४ करायला निघालेत. २००५, २०१९, २०२१ तिन्ही पूर त्याच्यामुळंच. वाडे पडणार नाहीत तर काय. सगळ्यांनी याच्यावर बोला आधी.

टिळकचौक :
आला अलमट्टीवाला. त्याचा धागा वेगळा आहे, तीनशे प्रतिसाद झालेत, तिकडं जा की. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराला अलमट्टी कारण नाही म्हणून सांगितलंय, ते तुम्हाला मान्य नाही, तेही माहितेय. इथं वाड्यावर बोला.

ओळंबा :
नमस्कार. मी सिव्हिलवाला, गावभागातल्या पाच-सहा वाड्यांचं काम केलंय, त्यातले दोन उभे आहेत :) हा वाडा पण आतनं बघितलाय, २०१९ च्या पुरानंतर पंचनाम्याच्या वेळी एका नातेवाइकानं बोलवलेलं. टिळकचौक म्हणताहेत ते बरोबर, भिंत पडूनही माडी उभी राहणारच. वाड्यात आतला सगळा भार लाकडावर असतो. खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर माती. मधल्या भिंती नुसता आडोसा. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७ पहाटे, तेव्हा भिंतींना तडे गेले पण सांगाडा थोडा हलून परत जागेवर बसला, असं जुने लोक सांगतात ते याच्यामुळं.

आता मेख कुठं आहे ते सांगतो. खांब जमिनीत पुरत नाहीत. दगडाचा तळखडा असतो, त्यावर खांब नुसता बसवलेला. तळखडा जमिनीच्या वर वीतभर तरी दिसला पाहिजे, म्हणजे ओल दगडातच राहते, लाकडाला लागत नाही. या वाड्यात मला पुढच्या सोप्यात एकही तळखडा दिसला नाही. मी म्हटलं चोरीला गेले का काय. एका खांबाजवळ टाइल फोडून बघितली तर खाली शहाबादी फरशी, तिच्याखाली कोबा (घोटून केलेली पक्की जमीन), त्याच्याखाली जुनी जमीन, आणि तळखडा सगळ्याच्या खाली गाडलेला. खांबाचं बूड सिमेंटमध्ये. स्क्रू ड्रायव्हर घातला तर मुठीपर्यंत आत गेला, लाकूड नव्हतंच, भुसा होता.

२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, तिथं धोक्याची पातळी ४५ आहे. म्हणजे वाड्यात माणूसभर पाणी, तेही आठवडाभर. पण त्या आधीच पुढच्या सोप्याचे खांब गेलेले होते. पुरानं फक्त दाखवून दिलं.

गावभागची_नात :
ओळंबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लहानपणी ते तळखडे होते! त्यावर कमळ कोरलेलं, आम्ही खेळताना त्यावर उभं राहून खांबाला मिठी मारायचो. मला वाटायचं आपण मोठे झालो म्हणून आता ते दिसत नाहीत, लक्ष जात नाही. आत्ता आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली शेणानं सारवायची जमीन होती तोवर दर दिवाळीला भेगा बुजवायला माती यायची, पण खरवडून मग लिंपायची, उंची तीच राहायची. बालवाडीला पोरांचे पाय मळतात म्हणून शहाबादी टाकली, जुनी जमीन न काढता, वरच. क्लासवाल्यांनी माडीच्या जिन्याखाली कोबा केला. आणि पतसंस्थेनं आत येताना सगळीकडं सिमेंट ओतून वर चकचकीत टाइल. त्यांची तिजोरी जड होती, जमीन पक्की हवी म्हणे. पुढच्या उंबऱ्याला पाय उचलून आत जावं लागायचं, नंतर नंतर आजी काठी टेकत सरळ चालत आत यायची, आम्हाला वाटलं बरं झालं, तिला सोयीचं झालं.

भाडेकरूचा_पोरगा :
बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आता लिहितो. खानावळ माझ्या आईची होती. टिळकचौक, आमटी सांडली म्हणून ओरडणारी तीच.

वाड्यावर धागे निघतात त्यात भाडेकरू कायम खलनायक असतात, अठरा रुपये भाडं देऊन चाळीस वर्षं चिकटून बसले, असं. आम्ही अठराच द्यायचो, खोटं कशाला बोलू. पण दर मे महिन्यात कौलं उतरवून शाकारणी कुणी केली? आम्ही. पाडव्यानंतर गडी बोलवायचा, फुटकी कौलं बदलायची, मांजरांनी केलेली भोकं बुजवायची, वर चढून पन्हळी साफ करायच्या. त्याचा खर्च मालकांनी एकदाही दिला नाही. आडाचा रहाट बदलला तो आम्ही. मालक पुण्याला, मुंबईला, एक अमेरिकेला. दिवाळीला यायचे, चौकात उभं राहून फोटो काढायचे, लाडू खाऊन जायचे, ताई तुम्ही पण त्यात होतात, राग मानू नका. नंतर एक वर्ष आमची मनीऑर्डर परत आली, भाडं घ्यायचंच बंद केलं, म्हणजे थकबाकीदार म्हणून दावा लावता येईल. वडिलांनी वकील गाठून भाडं कोर्टात भरलं. त्यानंतर शाकारणी बंद. आम्ही पण म्हटलं, जाऊदे, यांना नको तर आपण का मरायचं.

माडी गळायला लागली ती त्या पावसापासून.

गावभागची_नात :
दादा, तुमच्या आईच्या हातची आमटी मीही खाल्लीय. राग नाही. पण हिशोब दोन्हीकडून मांडा. अख्ख्या वाड्याचं भाडं मिळून घरपट्टी निघत नव्हती. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ चालते, अठरा रुपयांचे चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे. एक तुळई बदलायची तर सागवानाचा भाव काय होता ते ओळंबांना विचारा. बाबा नोकरदार माणूस, चार भावंडांत एकटेच खर्च करायचे आणि मग 'तुला वाडा गिळायचाय' हे ऐकून घ्यायचे. मनीऑर्डर परत पाठवली ती बाबांनी नाही, पण ते जाऊदे, नातेवाइकांची धुणी इथं नको.

भाडेकरूचा_पोरगा :
बरोबर आहे. पण मग बहात्तर पैशाच्या घरात तिजोरी ठेवायला ज्यांना आणलं, त्यांच्याकडनं महिना हजारांत घेत होता ना. त्यातलं किती वाड्यावर लागलं?

गावभागची_नात :
काहीच नाही. चौघांत वाटून गेलं.

काळाकोट :
वकिलीच्या अंगानं दोन शब्द. वाडा गेला की सगळे पूर, भाडेकरू, बिल्डर अशी नावं घेतात, पण मी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बघतो. मूळ पुरुष एक, तिसऱ्या पिढीला चार, पाचव्या पिढीला प्रॉपर्टी कार्डावर नावं लिहायला जागा पुरत नाही. वारस नोंदी वेळेत लावलेल्या नसतात, कुणी मयत, कुणाचा मुलगा परदेशात, कुणाचं हक्कसोडपत्र नोटरीवर केलेलं, रजिस्टर नाही, म्हणजे ते चालत नाही. मुलींचा हक्क आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीनं आला, केंद्राची २००५ ची, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं वडील हयात असोत नसोत मुलीला जन्मानं हक्क म्हणून स्पष्ट केलं. योग्यच आहे. पण सगळ्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत छताला हात लावायची कुणाची हिंमत नसते, कारण खर्च केला तर वाटणीत परत मिळेल का याची खात्री नाही. त्यामुळं दुरुस्तीला एकमत होत नाही, विकायला मात्र होतं. पैसे वाटता येतात, चौक वाटता येत नाही.

आणि महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस, कलम २६४. बऱ्याचदा ती मालकच मागून घेतात. भाडेकरू काढायचा सोपा रस्ता. या वाड्याबद्दल बोलत नाही, सर्वसाधारण सांगतोय.

भाडेकरूचा_पोरगा :
सर्वसाधारणच बरं आहे 🙏

टिळकचौक :
हाहा. मग बिल्डरचं काय झालं ते मी सांगतो, कारण त्याच्या सुपरवायझरला रोज आमच्या टपरीवर चहा असायचा. करार झाला २०१८ ला. खाली गाळे, वर चार मजले, नावात 'वाडा' शब्द असलेली स्कीम, ब्रोशरवर तुळशी वृंदावनाचं चित्र, चेष्टा नाही करत. बुकिंग बऱ्यापैकी. मग २०१९ चा पूर. टीव्हीवर अख्ख्या महाराष्ट्रानं आपल्या पुरातली बोट बघितली, बुकिंगवाले पैसे परत मागायला लागले. मग कोरोना. मग २०२१ च्या जुलैत परत पाणी. आता फ्लॅट घेणारा म्हणतो विश्रामबागेत घेतो, कुपवाडला घेतो, गावभागात पहिल्या मजल्यावर कोण राहतंय. तोवर नोटीस निघालेली, त्यामुळं वाडा पाडून घेतला आणि जागा भाड्यानं पार्किंगला दिली. म्हणजे बिल्डरनं खाल्ला म्हणायचं तर त्याला पण पचला नाही.

ओळंबा :
त्यात पूररेषेचा पण भाग आहे. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. निळीच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नाही, दोन्हींच्या मध्ये अटी घालून. म्हणून नदीकाठच्या जुन्या वस्तीत पाडायच्या आधी माणसानं दहा वेळा विचार करावा. उभं आहे ते दुरुस्त करता येतं, पाडलं की नव्या नियमात आलात. हे सांगितलं की मालक म्हणतात तुम्ही बिल्डरच्या विरोधात आहात का. अरे बाबा मी गणिताच्या बाजूनं आहे.

जुनंसागवान :
लाकूड आम्ही उचललं. लोकांना वाटतं आम्ही गिधाडं, पण आम्ही नसतो तर ते जळणाला गेलं असतं, आमच्याआधी एकानं वीटभट्टीवाल्याला विचारलेलंच होतं.

मागच्या चौकातलं सगळं एक नंबर माल. मागं स्वैपाकघर, धूर खाऊन लाकूड काळंकुट्ट, किडा लागलेला नाही, वाळवी नाही, करवत लावली की आतनं ताजं सोनेरी सागवान. एकही लोखंडी खिळा नाही, सगळं कुसू-साळीचं काम (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत) आणि खुट्ट्या. सुटं करायला त्रास कमी, खुट्टी ठोकून बाहेर काढली की जोड मोकळा, आमच्या पोरांनी नंबर टाकून उतरवलं. पुढच्या चौकातलं मात्र बुडाला दीड-दोन फूट कापून टाकावं लागलं प्रत्येक खांबाचं. ओळंबासाहेब म्हणतात तेच. तीन खणातल्या पाटांच्या फटीत पिवळी पूड अजून होती, मशिनवर चढवलं तर पोरगं शिंकून बेजार. अडत्याशेठ, तुमचा माल.

कुठं गेलं विचारणार तर सांगतो. तुळया उभ्या चिरून नव्या बंगल्यांच्या चौकटी झाल्या. आठ खांब हायवेच्या एका हॉटेलवाल्यानं नेले, पॉलिश मारून दाराशी उभे केलेत, वर काही भार नाही, नुसते शोभेला. दिंडी दरवाजा एका फार्म हाउसला, पण तिथं दरवाजाची उंची बसंना म्हणून खालनं कापला. मी सांगितलं कापू नका. गिऱ्हाईक आहे, काय करणार.

गावभागची_नात :
दरवाजा कापला?

जुनंसागवान :
व्हय. साधारण वीतभर. पितळी फुल्या सगळ्या शाबूत आहेत पण.

अडत्या_हळदवाला :
त्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला पुराच्या रेघा होत्या. आमच्या वडिलांनी गेरूनं मारायला सुरुवात केली, मग प्रत्येकानं पाळलं ते, भाडेकरू बदलले तरी. २००५ ची कडीच्या वर होती. २०१९ ची मारायला दारावर जागाच राहिली नाही, चौकटीच्या वर भिंतीवर मारलेली कुणीतरी.

भाडेकरूचा_पोरगा :
मी मारली. वाडा सोडून बारा वर्षं झालेली, तरी पाणी उतरल्यावर बघायला गेलो. आत मांडववाल्याच्या खुर्च्या चिखलात पालथ्या, आणि पुढची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. ओळंबांना एक विचारायचं राहिलं, ती भिंत पाणी असताना पडली नाही, उतरल्यावर चार दिवसांनी पडली. असं का?

ओळंबा :
चांगला प्रश्न. ती भिंत बाहेरनं पक्क्या विटेची एक फळी, आतनं कच्ची वीट आणि पांढरी माती, खाली दगडाचं जोतं. पाणी उभं असतं तोवर बाहेरनं पण दाब असतो, आतनं पण, भिंत तरते. पाणी झपकन उतरतं, बाहेरचा दाब जातो, आतली माती मात्र पाण्यानं जड आणि मऊ झालेली, ती खाली बसते आणि बाहेरच्या विटेला ढकलते. म्हणून पोट येतं. जुना चुन्याचा गिलावा असेल तर माती त्यातनं हळूहळू वाळते. इथं रस्त्याच्या बाजूला पतसंस्थेनं सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट मारलेला, पाटी उठून दिसावी म्हणून. ओल बाहेर पडायला वाटच नाही. मागच्या चौकाच्या भिंती तेवढ्याच पाण्यात होत्या, तिकडं कुणी सिमेंट लावलं नव्हतं कारण तिकडं गिऱ्हाईक जात नव्हतं. त्या पडल्या नाहीत. लक्षात येतंय ना? जिथं जिथं वाडा उपयोगाचा होता तिथंच तो आधी गेला.

गावभागची_नात :
आणि आम्ही उलटं समजत होतो. बाबा म्हणायचे मागचा भाग पडका आहे, निदान पुढचा तरी भाडेकरूंनी नीट ठेवलाय.

कृष्णामाई :
पण अलमट्टीचं पाणी नसतं तर ही वेळ आलीच नसती हे मान्य करा.

टिळकचौक :
😂😂 दमला नाही का अजून.

खणभागची_सून :
नमस्कार, नवीन आहे इथं. आमचा खणभागात एक चौकी वाडा आहे, लहानच, सासरे आणि चुलत सासरे दोघंच मालक, दोघांचं पटतं (देवाची कृपा). २०२१ ला पाणी दोन फूट आलेलं. पुढच्या खोलीत क्लिनिक भाड्यानं दिलंय. आता डॉक्टर म्हणताहेत व्हिट्रिफाइड टाइल बसवून द्या, खर्च आम्ही करतो, जुन्या फरशीवरच डकवून होईल, दोन दिवसांचं काम. आम्ही हो म्हणणार होतो. हा धागा वाचून काल रात्री टॉर्च घेऊन खांब बघितले. दोन तळखडे अर्धे दिसतात, दोन दिसतच नाहीत. भिंतीला खालच्या चार फुटांत सिमेंट आहे, तिथं पोपडे येतात आणि पांढरी बुरशी. काय करावं? सासरे म्हणतात इतकी वर्षं काही झालं नाही.

ओळंबा :
वहिनी, डॉक्टरांना थांबवा आधी. टाइल नको असं नाही, पण जुनी फरशी काढून, खाली जाऊन, मूळ पातळीला बसवा. खांबाभोवती दोन-अडीच इंच जागा मोकळी सोडायची, तिथं सिमेंट नाही, वाळू किंवा खडी भरा, म्हणजे पाणी साचणार नाही आणि तळखडा दिसत राहील. न दिसणारे दोन खांब आधी उघडा. बूड कुजलं असेल तर अख्खा खांब बदलायची गरज नाही, तुळईला खालनं जॅक देऊन कुजलेला भाग कापून तेवढ्याच मापाचा सागवानाचा तुकडा सांध्यानं जोडता येतो, चांगला सुतार हवा. जुनंसागवान यांच्याकडं तसा तुकडा नक्की मिळेल. भिंतीचं सिमेंट खालच्या चार फुटांतलं काढून चुन्याचा गिलावा, घाई न करता, उन्हाळ्यात, दोन-तीन हातांत. पोपडे आधी दोन महिने उघडे राहू देत, भिंत वाळू दे.

खर्च डॉक्टर म्हणतात त्याच्या तिप्पट येईल.

खणभागची_सून :
तिप्पट म्हटल्यावर सासरे उठून आत गेले 🙈 पण चुलत सासरे म्हणताहेत निदान दोन खांब उघडून तर बघू. तुम्ही येऊ शकाल का? फी सांगा.

ओळंबा :
रविवारी सकाळी येतो, फी नको, चहा चालेल. मिस्त्रीला ब्रेकर आणू देऊ नका, हादऱ्यानं भिंत सुटते. छिन्नी, हातोडी आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर एवढंच. आणि क्लिनिकवाल्या डॉक्टरांना पण थांबायला सांगा, त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं बरं.

जुनंसागवान :
मी पण येतो. माप घेऊन ठेवतो. त्या वाड्यातल्या मागच्या चौकाचे अडीच फुटी तीन तुकडे शेडमध्ये पडलेत, बसले तर बघू.